नातीची शाळा

बोरगाव मेघे येथील एका घरात उन्हाळाभर एकच चर्चा होती: सहा वर्षांच्या नातीने पहिलीला कोणत्या शाळेत जावे? मुलाचा ओढा इंग्रजी माध्यमाच्या स्वयंअर्थसहाय्यित शाळेकडे, सुनेचा अनुदानित मराठी शाळेकडे, तर आजीला घराजवळची जिल्हा परिषदेची शाळा पसंत. आयुष्यभर हिशेब लिहिलेल्या आजोबांनी वही काढून तीन रकाने आखले.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शुल्क नाही, पुस्तके व मध्यान्ह भोजन मिळते. मात्र शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार प्राथमिक शाळेत ६० विद्यार्थ्यांपर्यंत दोनच शिक्षक. पट घटला की सारे वर्ग दोघांनीच सांभाळायचे. अनुदानित शाळेत व्यवस्थापन खासगी संस्थेचे, शिक्षकांचे वेतन शासनाचे. तिसरी शाळा पालकांच्या शुल्कावर चालणारी. बस व गणवेशाचा खर्च वेगळा.

मग आजोबांनी चौथा प्रश्न लिहिला : शाळेला जाब कोण विचारू शकतो? २००९च्या कायद्याने शासकीय व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती अनिवार्य केली. तीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. शासकीय शाळांत अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवण्याचा अधिकार तिला आहे. विनाअनुदानित शाळांना ही अट नाही. आजोबा समाधानाने वाचून दाखवू लागले, तेव्हा आजी म्हणाली, “अहो, पण त्या सभेला जाते कोण?”

शेजारची मजुरी करणारी बाई अशा समितीवर होती. सभेला गेले की तिचा रोज बुडे. जमाखर्च समजत नसे. ती सही करून परते. आजोबा गप्प झाले. ज्यांना जमाखर्च वाचता येतो, त्यांची मुले त्या शाळेत नव्हती. स्वतःच्या मुलालाही त्यांनी एके काळी तिथून काढून शहरात घातले होते.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी याच वर्धा शहरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत, सक्तीचे आणि मातृभाषेतील शिक्षण सर्व मुलांना मिळावे, असा ठराव तिने केला. पुढे झाकिर हुसेन समितीने आराखडा तयार केला. त्या ठरावातील ‘सर्व मुले’ या शब्दांत आपलेही मूल येते, हे सुशिक्षित घरे हळूहळू विसरली.

घरात वाद झाला. मुलाची भीती खोटी नव्हती. दोन शिक्षकांच्या शाळेत नात मागे पडली तर? अखेर एक वर्ष पाहावे, इंग्रजी घरी शिकवावे, असे ठरले. जूनअखेर विदर्भातील शाळा उघडल्या. नात आजीचे बोट धरून चालतच गेली. पालकसभेत सुनेने समितीसाठी नाव दिले आणि त्या रात्री जमाखर्चाचा कागद समजून घेण्यासाठी सासऱ्यांजवळ बसली. शेजारच्या बाईलाही तिने बोलावून घेतले होते.