चार मिनिटांचा उजेड

चार मिनिटं.

तोक्यो स्टेशनचा तेरा नंबरचा फलाट. संध्याकाळी 5.57 ते 6.01. मधले सगळे रूळ तेवढ्यापुरते मोकळे, आणि पलीकडे पंधरा नंबरवर उभी असलेली 'आसाकाझे' गाडी लख्ख दिसायची. मग एखादी गाडी मध्ये येऊन थांबायची. पलीकडचं जग मिटायचं.

सेइचो मात्सुमोतो, तुमच्या कादंबरीसाठी ती फट तुम्ही शोधलीत. मी अजून तिच्यातून पाहतो आहे.

आसाकाझे. पहाटवारा. तोही 2005 साली पडला. काशिईच्या ज्या खडकाळ किनाऱ्यावर तुम्ही दोन देह शेजारी शेजारी निजवलेत, तिथला समुद्र भराव घालून मागे सारला. तुमच्या पानांत मात्र भरती अजून येते. रात्री ऐकू येते मला.

कोकुऱ्याचा एक पोरगा, ज्याची शाळा लवकर सुटली, जो ऑफिसात पोऱ्या झाला, छापखान्यात शाईनं बोटं माखत काम शिकला, वर्तमानपत्रासाठी जाहिरातींची अक्षरं रेखत राहिला, युद्धानंतर घरच्यांच्या पोटासाठी केरसुण्या विकत खच्चून भरलेल्या गाड्यांतून हिंडला, आणि ज्याच्या आत एवढी माणसं दाटीवाटीनं उभी आहेत हे चाळिशी उलटेपर्यंत कुणालाच कळलं नाही, तो एकदा लिहू लागला तो चाळीस वर्षं थांबलाच नाही. हात आखडला, लेखणी धरवेना, तेव्हा लघुलेखकाला सांगत राहिला, सांगतच राहिला, आणि मागे सुमारे हजार कृतींची रास उरली.

हजार. तरी मी फिरून फिरून एका छोट्या कथेपाशी येतो.

1953 साली तुम्हाला आकुतागावा पारितोषिक मिळालं, ती. लेखक मोरी ओगाई कोकुऱ्यात राहत होता त्या दिवसांची रोजनिशी हरवलेली. एक अपंग तरुण पाय ओढत दारोदार जातो, म्हाताऱ्यांच्या आठवणी वेचतो, ते दिवस कणाकणानं जुळवतो. मग तो मरतो. मग रोजनिशी सापडते.

एवढंच. तुमच्या साऱ्या रहस्यकथा मला याच कथेच्या पोटच्या वाटतात.

आणि त्या चार मिनिटांच्या कादंबरीतली ती अंथरुणाला खिळलेली बाई. उशाशी रेल्वेचं वेळापत्रक. कुठल्या अनोळखी स्टेशनात या क्षणी कुठली गाडी शिरत असेल, हे ती डोळे मिटून पाहते. ती पापिणी असेल. असू दे. तिच्या त्या पडल्या पडल्या केलेल्या प्रवासात मी कितीदा सोबत गेलो आहे.

प्रत्येक मृत्यूपाशी तुम्ही 'का' विचारलंत. तुमच्यापाशी मी काहीच विचारत नाही.

4 ऑगस्ट 1992.

तुम्ही गेलात. 'देवांचा उन्माद' ही कादंबरी अर्धीच राहिली.

सहा वर्षांनी त्याच तारखेला कोकुऱ्याच्या किल्ल्याजवळ तुमचं स्मृतिसंग्रहालय उघडलं. तुमची लिहिण्याची खोली आता तिथे आहे, होती तशी. सुमारे तीस हजार पुस्तकं. गालिच्यावर सिगारेटनं पडलेले डाग. समोर काच.

मी तिथे गेलेलो नाही. पण संध्याकाळी सहाला जरा कमी असताना पुस्तक मिटतो, तेव्हा ती काच दिसते. मध्ये एकही गाडी नाही. पलीकडे दिव्याखाली टेबल, आणि जरा मागे सरकवलेली खुर्ची.