ओली फरशी

सांगलीच्या बाजारपेठेत तीन पिढ्यांची किराणा पेढी असलेल्या एका कुटुंबातील धाकट्या मुलाने शाकाहारी भोजनालय काढले, तेव्हा वडिलांना, म्हणजे घरातल्या अण्णांना, तो व्यवसाय फारसा रुचला नव्हता. पेढीवरचे गिऱ्हाईक माल घेऊन निघून जाते. भोजनालयात ते आत येते, बसते, हात धुते, जिना चढते. तेवढा वेळ त्याच्या देहाची काळजीही मालकाकडे येते, असे ते म्हणत.

श्रावणातल्या एका दुपारी त्यांचे म्हणणे खरे ठरले. बेसिनपाशी फरशी ओली होती. पुसणारा मुलगा फडके आणायला आत गेला आणि तेवढ्यात एक निवृत्त शिक्षिका घसरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया करावी लागली.

मालकाला वाटले, विमा आहे. कर्ज घेताना बँकेच्या आग्रहावरून तो उतरवलेला होता. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या कमला मिलमधील आगीत १४ जण मृत्युमुखी पडले, त्यानंतर विम्याची रक्कमही त्याने वाढवली होती. त्या रात्री त्याने पॉलिसी प्रथमच पूर्ण वाचली. त्यात इमारत होती, फर्निचर होते, माल होता. गिऱ्हाईक कोठेच नव्हते. बँकेने आपल्या तारणाची काळजी घेतली होती. बाकीची मालकाने घ्यायची होती.

"गिऱ्हाइकांनी स्वतःच्या जबाबदारीवर वावरावे" अशी पाटी लावण्याचे पुतण्याने सुचवले. परंतु अशा पाटीने निष्काळजीपणा झाकला जात नाही. हॉटेलच्या ताब्यात दिलेली गाडी चोरीला गेल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच सांगितले. गाडीला जो न्याय, तो माणसाच्या हाडाला कसा नसेल?

अण्णा रुग्णालयात गेले. "बाई, फरशी आमची होती," एवढेच म्हणाले. नातीच्या लग्नासाठी ठेवलेली मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडून त्यांनी खर्च भागवला. बाईंचा मुलगा ग्राहक आयोगाकडे जाण्याच्या तयारीत होता. तो गेला नाही.

पुढे सार्वजनिक दायित्व विम्याची चौकशी झाली. १९९१ चा कायदा हा विमा घातक पदार्थ हाताळणाऱ्यांना सक्तीचा करतो. सर्वसाधारण भोजनालय त्यात येत नाही, म्हणून अनेक मालकांना त्याचे नावही ठाऊक नसते. या विम्यात एका अपघातासाठी आणि संपूर्ण वर्षासाठी अशा दोन मर्यादा असतात. प्रत्येक दाव्यातील ठरावीक भाग मालकाला सोसावा लागतो. अन्नातून विषबाधा झाल्यास भरपाई हवी असेल, तर ते कलम समाविष्ट आहे की नाही, हे पाहून घ्यावे लागते. नोकर भाजला, तर तो या विम्यात येत नाही. त्याच्यासाठी कर्मचारी भरपाईचा निराळा विमा लागतो. दंडाची रक्कम तर सहसा कोणताच विमा भरत नाही.

एका अटीपाशी मात्र अण्णा अडले. अपघात घडताच कंपनीला कळवावे. तिच्या संमतीवाचून चूक कबूल करू नये, पैसे देण्याचे वचन देऊ नये.

"म्हणजे समोर माणूस विव्हळत असताना आमची चूक म्हणायचे नाही?" त्यांनी विचारले.

"अण्णा, प्रथमोपचार करा, रुग्णालयात न्या, विचारपूस करा. त्याला कोणाची संमती लागत नाही," विमा अधिकारी म्हणाले. "फक्त दोष कोणाचा आणि रक्कम किती, हे आम्हांला विचारून ठरवा."

अण्णांनी बराच वेळ विचार केला आणि मुलाला सही करण्यास सांगितले. मात्र त्याच संध्याकाळी त्यांनी बेसिनपाशी खरखरीत फरशी बसवण्यासाठी गवंड्यालाही बोलावले. पडलेल्याला भरपाई विम्यातून मिळेल. पण मोडलेले हाड पूर्वीसारखे करून देणारी पॉलिसी नाही, हे त्यांनी पाहिले होते.

बाई अजूनही अधूनमधून जेवायला येतात. काठी टेकत त्या हात धुण्यास उठल्या की, पुसणारा मुलगा फडके घेऊन तेथे आधीच उभा असतो.