पायाखालचा समुद्र

ओटावात चार मराठी माणसं भेटली की थंडीचा विषय निघतोच. पायाखालच्या मातीचा मात्र घर घेतानासुद्धा निघत नाही. तिची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

हिमयुगात बर्फाच्या ओझ्यानं इथली जमीन खाली दबली होती. सुमारे १३ हजार वर्षांपूर्वी बर्फ मागे हटला आणि अटलांटिकचं पाणी थेट ओटावाच्या खोऱ्यात शिरलं. या शॅम्प्लेन समुद्रात देवमासे होते. त्यांची हाडं इथे सापडली आहेत. हिमनद्यांनी दळलेलं खडकाचं पीठ त्या खाऱ्या पाण्यात थराथरानं बसलं. हीच ‘लेडा क्ले’.

पुढे जमीन वर आली, समुद्र ओसरला, आणि गोड्या पाण्यानं मातीतलं मीठ हळूहळू धुऊन नेलं. मिठानं आवळून धरलेली, पत्त्यांच्या बंगल्यासारखी कणांची रचना तेवढी उरली. नदीनं काठ पोखरला किंवा भूकंपाचा हादरा बसला, की ही घट्ट दिसणारी माती पातळ पिठल्यासारखी वाहू लागते. १९०८ साली क्वेबेकमधल्या नोत्र-दाम-द-ला-सालेत गावात अशा दरडीनं ३३ बळी घेतले.

ओटावाच्या पूर्वेला, साउथ नेशन नदीकाठी लेम्यू नावाचं गाव होतं. जवळच १९७१ साली मोठी दरड कोसळली. मग तपासणी झाली, आणि गावाखालची माती धोक्याची निघाली. १९८९ ते १९९१ या काळात सगळी घरं हलवली. जून १९९३ मध्ये गावालगतची सुमारे १७ हेक्टर जमीन नदीत गेली. गावात कुणीच नव्हतं, म्हणून जीव वाचले. आज तिथे जुनं कब्रस्तान आहे.

हे वाचताना माळीण (२०१४), तळिये (२०२१), इर्शाळवाडी (२०२३) आठवतात. तिथली माती वेगळी, मारा पावसाचा. पण लोक गावातच सापडले. गाव सोडणं जिवावर येतं खरं, पण लेम्यूकरांनी ते वेळेवर केलं.

तेव्हा मंडळी, ओर्लिन्सला किंवा कुठेही नदी-ओढ्याच्या उतारावर घर बघाल, तर ऑफर देण्याआधी कन्झर्व्हेशन अथॉरिटीकडे काठाची चौकशी करा. आपल्या काळ्या मातीसारखी ही मातीही सुकली की आकसते, आणि पायाला तडे जातात. म्हणून भरपूर पाणी पिणारी मोठी झाडं भिंतीला खेटून लावू नका.