गुणाचें मोल आणि स्तुतीची वेळ

गुणी माणसाला त्याच्या गुणाचें फळ मिळावें असें सर्वांसच वाटतें. परंतु तें कोणीं द्यावें, किती द्यावें आणि मुख्य म्हणजे केव्हां द्यावें, याविषयीं जगाचा हिशेब फारसा चोख नाहीं. इंग्रजी काव्याचे आम्ही जुने वाचक आहों. त्या काव्यांत वीरांच्या व राजांच्या स्तुतीनें पानेंच्या पानें भरलेलीं आहेत; पण ज्यांनीं ही स्तुति गायिली त्यांच्या स्वतःच्या पदरीं काय पडलें, हें पाहूं लागलें म्हणजे मन विचारांत पडतें.

मिल्टनचेंच उदाहरण घ्या. दृष्टि गेल्यावर दुसऱ्यांकडून लिहवून घेतलेलें त्याचें ‘पॅरडाइज लॉस्ट’ हें महाकाव्य आज जागतिक वाङ्मयाचें भूषण समजलें जातें. २७ एप्रिल १६६७ रोजीं सॅम्युएल सिमन्स नांवाच्या मुद्रकाशीं त्यानें त्याचा करार केला. हातीं आले रोख पांच पौंड. पहिल्या आवृत्तीच्या १३०० प्रती खपल्यावर आणखी पांच. कवीच्या पश्चात् १६८० सालीं त्याच्या पत्नीनें आठ पौंड घेऊन उरलासुरला हक्क सोडून दिला. एका महाकाव्याचें एकंदर मोल अठरा पौंड झालें!

बाजारास पारख नसते, ती राजदरबारास असते, असें कोणी म्हणेल. परंतु तेथील प्रकारहि पाहण्यासारखा आहे. ड्रायडनला १६६८ सालीं राजकवीचें पद मिळालें. पुढें १६८८ ची राज्यक्रांति झाली. नव्या राजाची शपथ घेण्यास ड्रायडननें नकार दिला, आणि पद गेलें. तें मिळालें कोणाला? तर ज्याच्या मंदबुद्धीची त्यानें ‘मॅक फ्लेक्नो’ या काव्यांत यथेच्छ टवाळी केली होती, त्या थॉमस शॅडवेलला! गुण तेच, कवि तोच. केवळ वारा फिरला. तेव्हां पद म्हणजे गुणाचें माप नव्हे, हें उघड आहे.

तिसरा मार्ग धनिकाच्या आश्रयाचा. सॅम्युएल जॉन्सननें आपल्या इंग्रजी कोशाची योजना १७४७ सालीं लॉर्ड चेस्टरफील्ड यांस उद्देशून प्रसिद्ध केली. पुढें कित्येक वर्षें त्यानें दारिद्र्याशीं झगडत कोशाचें काम रेटलें. मध्यंतरीं, १७५२ त, त्याची पत्नीहि वारली. काम तडीस जाण्याच्या सुमारास लॉर्डसाहेबांनीं कोशाची वाखाणणी करणारे दोन लेख लिहिले. त्यावर ७ फेब्रुवारी १७५५ रोजीं जॉन्सननें धाडलेलें पत्र प्रसिद्धच आहे. गरज होती तेव्हां ही कृपा झाली नाहीं. आतां तिचें सुख वांटून घ्यावयास घरीं माणूसहि उरलें नाहीं, असा त्याचा आशय. त्याच वर्षीं, विद्वानांच्या वाट्यास येणाऱ्या दुःखांची गणना करणाऱ्या आपल्या एका जुन्या काव्यांतला ‘माळ्यावरची खोली’ या अर्थाचा शब्द काढून तेथें त्यानें ‘आश्रयदाता’ हा शब्द घातला! उशिरां आलेली स्तुति खोटी नसते. पण ती भुकेल्याच्या पानांत न पडतां श्राद्धाच्या पानावर पडते.

मग खरी स्तुति कशी असते? बेन जॉन्सननें शेक्सपिअरवर लिहिलेलें काव्य आम्हांस तिचा उत्तम मासला वाटतें. शेक्सपिअरच्या नाटकांचा संग्रह १६२३ त निघाला, त्याच्या आरंभीं तें छापलें आहे. बेन जॉन्सन हा स्वतः नाटककार, म्हणजे प्रतिस्पर्धी. शेक्सपिअरचे दोषहि तो अन्यत्र उघड दाखवी. म्हणूनच त्याच्या स्तुतीला वजन आहे. ज्याला दोष दिसतात आणि तरीहि ज्याचें मस्तक नमतें, त्याचा नमस्कार मोलाचा. तथापि त्यालाहि एक उणीव चिकटलीच: शेक्सपिअरला जाऊन तेव्हां सात वर्षें झालीं होतीं.

थॉमस ग्रे यानें १७५७ सालीं राजकवीचें पद देऊं केलें असतां नाकारलें. त्याआधीं, १७५१ त, त्यानें खेड्यांतल्या स्मशानावरील आपलें विलापकाव्य प्रसिद्ध केलें होतें. कीर्तीचा गंध नसलेल्या, मातीआड गेलेल्या साध्या कष्टकऱ्यांचा त्यांत गौरव आहे; संधि मिळती तर यांतलाच एखादा मिल्टन झाला असता, असें त्यांत सुचविलें आहे. कॉलेजांत हें काव्य शिकत असतां आम्ही एकदां त्याचा भावार्थ आमच्या आत्याबाईंना मराठींत सांगितला. त्या बालविधवा. उभा जन्म भावाच्या संसारांत, चुलीपुढें आणि आजाऱ्यांच्या उशाशीं गेलेला. तांदूळ निवडतां निवडतां त्यांनीं सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, “मेल्यावर एवढें लिहिलंन्, बरंच केलंन् हो. पण बाळ, ते जिवंत असतांना त्यांच्या दाराशीं जाऊन दोन शब्द कोणी बोललं होतं का रे?”

या प्रश्नाचें उत्तर आमच्या प्राध्यापकांच्या टिपणांत नव्हतें.

मिल्टननें तरुणपणीं, १६३७ सालीं, बुडून मरण पावलेल्या आपल्या एका सहाध्यायावर ‘लिसिडस’ हें शोककाव्य रचलें. खरी कीर्ति लोकांच्या तोंडीं नसते, तिचा निवाडा सर्वसाक्षी परमेश्वरच करतो, असें समाधान त्यांत सांगितलें आहे. आपल्याकडेहि फळाची आशा न धरतां कर्म करावें असाच उपदेश आहे. दोन्ही वचनें थोर खरीं. परंतु तीं ज्यानें कष्ट केले त्यानें स्वतःच्या मनास सांगावयाचीं आहेत. ज्यानें फळ द्यावयाचें त्यानें त्यांच्या आड लपूं नये. घरांतील वडील मंडळी, मुलांना अक्षरओळख करून देणारे शिक्षक, पहांटे उठून सर्वांचे डबे भरणारी सून, यांच्या निरपेक्षतेचें कौतुक करून आपण आपल्या देण्यांतून सुटूं पाहतों. त्यांची निरपेक्षता हा त्यांचा गुण झाला; आपलें मौन हा कांहीं आपला गुण नव्हे.

मानपत्रें, शाली व श्रीफळें यांना आमचा विरोध नाहीं. पण त्यांची वाट पाहत बसण्याचें कारण काय? दोन खरे शब्द बोलावयास समारंभ लागत नाहीं, वर्गणी लागत नाहीं. ऐकणारें माणूस मात्र समोर असावें लागतें.