बत्ती लागल्यावर पैनगंगेपर्यंत

आदिलाबादहून नागपूरला निघणारा माणूस आदल्या दिवशी गावात पेट्रोल टाकत नाही. टाकलंच तर पैनगंगा ओलांडण्यापुरतं. डोल्लाऱ्याचा पूल संपला की महाराष्ट्र; पिंपळखुटी मागे पडली की पाटणबोरी, आणि मग टाकी फुल्ल. पेट्रोलमध्ये लिटरमागे साधारण चार रुपये सुटतात, डिझेलमध्ये त्याहून जास्त. काटा खाली टेकलेला, पिवळी बत्ती लागलेली आणि गाडी निवांत ४४ नंबरच्या हायवेवर, असा प्रवास मी अनेकदा केला. शेजारी बसलेलं माणूस सारखं काट्याकडे बघायचं, तेव्हा मला त्याची कीव यायची.

पूर्वी गणित उलटं होतं. महाराष्ट्रात पेट्रोल महाग आणि आमच्याकडे स्वस्त, म्हणून पलीकडचे लोक अलीकडे येऊन भरायचे. २०२१च्या दिवाळीत केंद्राने उत्पादन शुल्क कमी केलं, तेव्हा बऱ्याच राज्यांनी आपला व्हॅटही उतरवला. तेलंगणाने उतरवला नाही. इथं पेट्रोलवर ३५.२ टक्के आणि डिझेलवर २७ टक्के कायम राहिला. मग जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्राने पेट्रोल ५ आणि डिझेल ३ रुपयांनी खाली आणलं आणि पारडं फिरलं. सीमेवरच्या माणसाला मंत्रिमंडळाचे निर्णय पेपरच्या आधी पंपावरच्या रांगेत कळतात.

या बचतीत एक मेख आहे, तिच्याकडे मी लक्ष दिलं नव्हतं. पलीकडे पोचताना टाकी जितकी रिकामी, तितकी बचत मोठी. अर्धी टाकी घेऊन गेलात तर निम्मे पैसे गेले. म्हणजे बत्ती लागणं हा योगायोग नव्हताच. तो बेतच होता. आणि बेताच्या बाजूने माझ्याकडे पुरावेही होते. बत्ती लागली तरी छोट्या गाडीत चार-पाच लिटर असतंच, शहरातून नदीपर्यंतचं अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. दुसरं म्हणजे, बत्तीला घाबरणारे लोक जे कारण सांगायचे ते मला पटायचं नाही. ‘टाकीच्या तळाचा गाळ इंजिनात जातो’ म्हणे. अहो, गाडीचा पंप पेट्रोल नेहमी तळातूनच ओढतो, टाकी भरलेली असो की रिकामी. गाळ जायचाच असेल तर रोज जातो. हे माझं म्हणणं तेव्हाही बरोबर होतं, आजही आहे.

मत बदललं ते एका गॅरेजमध्ये, तेही दुसऱ्याच कुणाच्या गाडीमुळे. मिस्त्रीने मागची सीट उचलली, खालचं झाकण उघडलं आणि अख्खा पंप वर काढला. पांढऱ्या प्लॅस्टिकचा, तांब्याएवढा नग. बाजूला एक बारीक तार, तारेच्या टोकाला काळा तरंगा. तोच खाली गेला की समोर बत्ती लागते. बुडाशी जाळीची पिशवी, आणि पोटात विजेवर चालणारी छोटी मोटर. ती मोटर पेट्रोलमध्येच असते, हे मला तोवर माहीत नव्हतं. मिस्त्रीने पंप हातात फिरवत सांगितलं, “काका, ह्याले थंड ठेवाचं काम पेट्रोलच करते. वंगणबी तेच. टाकी खाली ठेवली का हा तापते.” मग नव्या पंपाची किंमत सांगितली. पलीकडून भरलेल्या कितीतरी टाक्यांची कमाई त्यात गेली असती.

एकदा बत्ती लागली म्हणून पंप जळत नाही, हेही खरं. तोही तसं म्हणाला नाही. पण आमचा बेत एकदाचा नव्हता. दर फेरीला तेच. आणि त्यातून आदिलाबादचा मे महिना. पारा पंचेचाळीसच्या आसपास, खाली तापलेलं डांबर, एसी पूर्ण चालू, टाकीत तळाला उरलेलं पेट्रोल. डिझेलवाल्यांचं दुखणं वेगळं. टाकी पूर्ण कोरडी पडली की लाइनीत हवा शिरते, आणि मग नुसतं डिझेल ओतून भागत नाही. हवा काढत बसावं लागतं.

त्या दिवसापासून माझा गाडी दाखवते त्या आकड्यावरचा विश्वासही उडाला. ‘अजून इतके किलोमीटर’ हे ती सांगते ते मागच्या काही किलोमीटरच्या हिशोबावर. गाडी मोकळ्या रस्त्यावरून आलेली असली तर आकडा उदार असतो. पुढे काय वाढून ठेवलंय, हे गाडीला कुठून कळणार? पावसाळ्यात पैनगंगा फुगली की पुलाच्या अलीकडे ट्रकांची रांग लागते. तिथं गाडी तासभर जागेवर उभी, एसी चालू, आकडा उतरतोय. त्यात नदीपलीकडचं स्वस्त पेट्रोल बघायलासुद्धा मिळत नाही. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलंय. जुन्या गाड्यांचं अॅव्हरेज त्याने थोडं पडतं, तेव्हा ‘बत्तीनंतर माझी गाडी एवढी जाते’ हे दहा वर्षांपूर्वीचं ज्ञान आता जुनं झालं.

पलीकडे भरणं मी सोडलेलं नाही, सोडणारही नाही. यवतमाळ-नागपूरला कामाने चाललोच आहे तर चार रुपये जास्त का द्यायचे? मुद्दाम तेवढ्यासाठी जाणाऱ्यांचं मात्र मला नवल वाटतं. जाऊन-येऊन तीन-चार लिटर जाळायचं आणि टाकीमागे दीडशे रुपये वाचवायचे, हा हिशोब कुठल्या शाळेत शिकवतात कोण जाणे.

तेव्हा नागपूरच्या वाटेने निघणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: बत्तीची वाट बघू नका. शहर सोडण्याआधी दहा लिटर टाका, उरलेली टाकी पाटणबोरीला भरा. त्यात पेट्रोलवाल्यांचे साधारण चाळीस रुपये जातील.