नातवंडांबरोबर लंडनच्या बागांतून

परदेशीं नोकरी-उद्योगानिमित्त राहणाऱ्या मुलांकडे आईबापांनीं चार-सहा महिने जाऊन येणें, ही गोष्ट आतां आपल्या समाजांत नवलाईची राहिलेली नाहीं. परत आलेल्या मंडळींच्या गप्पाहि ठरलेल्या असतात. रस्ते किती स्वच्छ, दुकानें केवढालीं, थंडी किती कडक, आणि मुलगा-सून कामावर गेल्यावर घर कसें खायला उठे! राजवाडे, मनोरे आणि पूल पाहून झाले, त्यांचीं छायाचित्रें काढून झालीं, म्हणजे दुसऱ्या पंधरवड्यापासून हे आजी-आजोबा खिडकींतून पाऊस पाहत परतीचे दिवस मोजूं लागतात. आमचें मत थोडें निराळें आहे. परक्या गांवीं आजोबांना करण्यासारखें खरें काम एकच असतें, आणि तें म्हणजे नातवंडांचा हात धरून तेथल्या बागांतून हिंडणें. हें काम दिसतें तितकें रिकामपणाचें नाहीं, एवढें सांगण्यासाठींच हा लेखनप्रपंच.

इ. स. २०१९ च्या एप्रिलांत आम्ही लंडनला गेलों. परवाना सहा महिन्यांचा होता. आमचे धाकटे चिरंजीव त्या शहराच्या वायव्य भागांत, डॉलिस हिल नांवाच्या वस्तींत राहतात. नातू तेव्हां सहा वर्षांचा आणि नात चार वर्षांची होती. सौभाग्यवतींस गुडघ्यांच्या दुखण्यामुळें एवढा प्रवास झेपण्यासारखा नव्हता. त्या वाईसच थोरल्या चिरंजिवांच्या मंडळींत राहिल्या. दर रविवारीं लंडनहून टेलिफोन येई. नातवाला मराठी सगळें समजे, पण उत्तर मात्र इंग्रजींत येई, आणि आजीला इंग्रजी येत नाहीं. "काय जेवलास?" याचें उत्तर "पास्ता" एवढें तरी कळे. "शाळेंत काय केलेंस?" असें विचारलें, कीं तो एक लांबलचक इंग्रजी वाक्य बोले आणि आजी नुसती "हो का, हो का" म्हणे. दोन मिनिटांत संभाषण आटपे. एकदां टेलिफोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "पोर आपलें, पण बोलणें शेजाऱ्याचें झालें आहे." आमची पेटी भरतांना त्यांनीं एवढेंच बजावलें, "जन्मभर मुलांना शिकवलेंत. याला शिकवूं नका, बोलता करा."

शिकवणें आणि बोलतें करणें यांत भेद आहे, हें ज्यानें पस्तीस वर्षें वर्गांत रूपें आणि धातु घोकून घेतले त्याला निराळें सांगावयास नको. मुलाच्या तोंडीं शब्द बसावयाचा तर तो एखाद्या वस्तूला चिकटून यावा लागतो. परदेशांतल्या घरांत वस्तु पुष्कळ असतात, पण त्या साऱ्यांचीं नांवें आधींच इंग्रजी ठरून गेलेलीं असतात. घराबाहेर पडलें, कीं मात्र पान, फांदी, साल, ढोली, चिखल, डबकें, सावली, पीस, मुंगी असे शब्द पावलोपावलीं पडलेले सांपडतात. ते उचलून मुलाच्या हातांत ठेवले, म्हणजे झालें.

घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर ग्लॅडस्टन पार्क नांवाची विस्तीर्ण बाग आहे. ती एका टेकडीच्या उतारावर पसरलेली असून १९०१ सालीं लोकांसाठीं खुली झाली. इंग्लंडचे पंतप्रधान ग्लॅडस्टन हे तेथील डॉलिस हिल हाउस या वाड्यांत पाहुणे म्हणून वरचेवर येऊन राहत. त्यांचें नांव बागेला दिलें आहे. अमेरिकन ग्रंथकार मार्क ट्वेन यांनीं १९०० सालचा उन्हाळा त्याच वाड्यांत काढला. वाडा २०१२ सालीं पाडण्यांत आला. ज्या डॉलिस हिल लेनला ही बाग लागून आहे, त्याच रस्त्यावर १९३२ सालीं स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तु आहे.

मुलांना यांतलें कांहींच नको होतें. ग्लॅडस्टन कोण, याची चौकशी त्यांनीं सहा महिन्यांत एकदांहि केली नाहीं. त्यांना हवा होता तो बागेच्या मधून जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचा पूल. त्या मार्गानें एखादी मालगाडी आली, कीं डबे मोजावयाचे. त्यांना हवें होतें तें बदकांचें तळें, आणि गवताच्या उतारावरून गडगडत खालीं जाणें. आम्हीं त्यांचा क्रम मान्य केला. इंग्रजी बोलूं नका असें कधीं म्हटलें नाहीं. ठराव एवढाच, कीं एक नांव त्यांनीं सांगावें व एक आम्हीं सांगावें. मॅगपाय, रॉबिन, ब्लॅकबर्ड हीं नांवें आम्ही त्यांच्याकडून शिकलों, आणि चुकलों म्हणजे चार वर्षांची नात मोठ्या गांभीर्यानें आमचा उच्चार सुधारी. डबे मोजतांना मात्र एक ते वीस मराठींत, अशी फिटंफाट होती. ऑगस्टांत कुंपणाकडेला ब्लॅकबेरी पिकल्या. फळ दिसायला तुतीसारखें, पण जाळी करवंदीसारखी कांटेरी. जांभळ्या बोटांनीं घरीं येतांना दोघांच्याहि तोंडीं "कांटा" आणि "आंबट" हे शब्द पक्के बसले होते.

नातवाचें पहिलें अख्खें मराठी वाक्य आम्हीं ऐकलें तें एका खारीमुळें. सेतुबंधनाच्या वेळीं वाळूचे कण वाहणाऱ्या खारीच्या पाठीवरून रामानें हात फिरवला व त्याच्या बोटांचे पट्टे तिच्या पाठीवर उमटले, ही गोष्ट आम्हीं त्याला बाकावर बसून सांगितली. समोरच एक करडी खार कांहींतरी कुरतडीत बसली होती. त्यानें तिच्याकडे बराच वेळ टक लावून पाहिलें आणि विचारलें, "आजोबा, राम इकडे आला नाहीं?" कारण त्या खारीच्या पाठीवर एकहि पट्टा नव्हता! मग आम्हीं त्याला खरी हकीकत सांगितली, कीं ही करडी खार मूळची उत्तर अमेरिकेची असून १८७६ च्या सुमारास येथें आणून सोडली गेली, आणि आतां लंडनच्या कोणत्याहि बागेंत तिच्याखेरीज दुसरी खार सहसा दिसत नाहीं.

तेव्हांपासून कोण कोठून आलें, हें विचारण्याचा त्याला नादच लागला, आणि त्या नादानें आम्हांसहि पुष्कळ शिकविलें. ज्याच्या चकचकीत तपकिरी बिया दोरीला बांधून इंग्रज मुलें शरदऋतूंत खेळतात, तो हॉर्स चेस्टनटचा वृक्ष बाल्कन प्रदेशांतून सुमारें चारशें वर्षांपूर्वीं तेथें आला. सेंट जेम्स पार्कांतल्या तळ्यावरचे पाणकोळी पक्षी १६६४ सालीं रशियाच्या राजदूतानें दुसऱ्या चार्ल्स राजाला नजर केलेल्या पक्ष्यांची परंपरा चालवीत आहेत; रोज दुपारीं अडीचच्या सुमारास त्यांना मासे घालतात, तो समारंभ आम्हीं तीन वेळां पाहिला. आणि सर्वांत मोठें आश्चर्य म्हणजे पोपट! हिरवा, लाल चोचीचा, गळ्यांत कंठ असलेला, आपल्याकडे पेरूच्या झाडावर येतो तोच. त्याचे पूर्वज मुख्यतः उत्तर हिंदुस्थान व पाकिस्तान या भागांतले. पिंजऱ्यांतून सुटलेल्या वा सोडलेल्या पक्ष्यांची ही प्रजा गेल्या पन्नास वर्षांत लंडनमध्यें हजारोंनीं वाढली आहे. केन्सिंग्टनच्या उद्यानांत थवा डोक्यावरून गेला तेव्हां आम्हीं आवाजावरूनच ओळखला. "म्हणजे इथले सगळे बाहेरचेच?" नातवानें विचारलें. आम्हीं म्हटलें, "आले बाहेरून, आतां इथलेच." यावर तो कांहीं बोलला नाहीं, पण त्या प्रश्नांत तो स्वतःविषयींहि कांहीं विचारीत होता, असें आम्हांस वाटलें.

अकरा वर्षांखालील मुलांना तेथें मोठ्यांबरोबर भुयारी रेल्वेंत तिकीट पडत नाहीं, आणि बहुतेक उद्यानांना प्रवेशमूल्यहि नाहीं. त्यामुळें शनिवार-रविवारचे आमचे दूरचे प्रवास फारसे खर्चाचे झाले नाहींत. हाइड पार्कांतल्या सर्पेंटाइन तळ्यावर आम्हीं हंस पाहिला. जन्मभर काव्यांतला हंस वर्गांत उडवला, आणि प्रत्यक्ष हातभर अंतरावर पाहिला तो साठी उलटल्यावर! संस्कृत कवींचा हंस म्हणजे नेमका कोणता पक्षी, याविषयीं मतभेद आहेत; परंतु नीरक्षीरविवेकाची कथा ऐकून नातीनें आपल्या दुधाची बाटली त्याच्यापुढें धरली, तेव्हां हा प्रश्न प्रयोगानें सोडविण्यापूर्वींच आम्हांस तिला मागें ओढावें लागलें.

क्यू येथील वनस्पति-उद्यानाला मात्र तिकीट आहे, पण तें वसूल होतें. १८४८ सालीं पुरें झालेल्या तेथील कांचेच्या ताडगृहांत शिरतांक्षणीं चष्म्यावर वाफ जमली आणि ओल्या मातीचा वास आला. "वाईसारखें गरम," नातू म्हणाला. तो वाईस एकदांच आला होता, तोहि तीन वर्षांचा असतांना. पण अंगाला आठवण राहते. केळीचीं पानें पाहून नातीनें विचारलें, कीं यावर जेवतात तें हेंच का? शेजारच्या लहानशा जलपुष्पगृहांत कमळें होतीं. कमळाच्या पानावर पाणी ठरत नाहीं, हा दृष्टान्त आम्हीं किती पिढ्यांना फळ्यापुढें उभें राहून समजावून सांगितला असेल! तेथें एका पानावर टपोरा थेंब पाऱ्यासारखा डोलत होता. दोघें तो पांच मिनिटें पाहत राहिलीं. आम्हीं दृष्टान्ताचें नांवहि काढलें नाहीं.

ग्रिनिच येथील टेकडीवरची वेधशाळा १६७५ सालीं स्थापन झाली. १८८४ सालीं वॉशिंग्टन येथें भरलेल्या परिषदेनें तेथून जाणारी रेषा सर्व जगाची मूळ मध्यान्हरेषा ठरविली. आपल्या सिद्धान्तग्रंथांत तोच मान उज्जयिनीवरून जाणाऱ्या रेषेस होता, हें सांगण्याचा मोह आम्हांस आवरला नाहीं. नातू तेवढा वेळ एक पाय पूर्वेस व एक पश्चिमेस ठेवून उभा होता. वेधशाळेच्या माथ्यावरच्या खांबावर एक तांबडा चेंडू दुपारीं एकाच्या आधीं वर चढतो आणि बरोबर एकाला खालीं येतो. नदींतल्या जहाजांना घड्याळें लावतां यावींत म्हणून ही योजना १८३३ पासून आहे. चेंडू पडतांच आम्हीं वाईस टेलिफोन लावून नातवाच्या हातीं दिला. आजीनें सांगितलें, "येथें साडेपांच वाजले." त्यानें बोटांवर हिशेब केला आणि मग एकदम सुरू झाला, "आजी, लाल चेंडू खालीं पडला! मी दोन्हीकडे उभा आहे!" चेंडू कसला, दोन्हीकडे म्हणजे कोठें, हें आजीला समजावून देतां देतां बारा मिनिटें गेलीं. सांगण्याजोगें कांहीं हातीं आलें होतें, आणि ऐकणारीला दुसरी भाषा येत नव्हती; यापलीकडे मराठी बोलण्याला आणखी कसलें कारण हवें?

मोठ्या माणसांचीं स्मारकेंहि आम्हीं टाळलीं नाहींत. प्रिमरोझ हिलच्या टेकडीवर पतंग उडवून उतरतांना किंग हेन्रीज रोडवरचें तें घर दाखविलें, जेथें डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्यें विद्यार्थी म्हणून राहिले व जें २०१५ सालीं महाराष्ट्र सरकारनें विकत घेतलें. मुलांनीं भिंतीवरची निळी पाटी वाचली आणि विचारलें, ते या टेकडीवर खेळायला येत होते का? त्यांना अभ्यासांतून सवड नव्हती, हें उत्तर दोघांनाहि फारसें रुचलें नाहीं!

मंडळाच्या एका कार्यक्रमांत एक वयोवृद्ध गृहस्थ भेटले. चाळीस वर्षें तेथें राहिलेले. ते म्हणाले, "मास्तर, दोन पिढ्यांत हें सारें पुसलें जाणार. मग एवढा खटाटोप कशाला?" त्यांचें म्हणणें अनुभवाचें होतें व आम्हीं तें खोडून काढलें नाहीं. दोन पिढ्यांनंतरचें आम्हांस सांगतां येत नाहीं. आम्हांस एवढेंच ठाऊक आहे, कीं त्याची आजी याच पिढींत आहे.

सप्टेंबरअखेर आम्ही परतलों. पुढें सहा महिन्यांनीं करोनाची सांथ आली. २३ मार्च २०२० पासून तेथें सर्वांस घरांत राहण्याचा हुकूम झाला. खेळाचीं मैदानें बंद झालीं, पण दिवसांतून एकदां चालण्यासाठीं बाहेर पडण्यास मुभा होती. इकडे वाईसहि दारें बंद. रोज तिकडची सकाळ झाली, कीं सूनबाई मुलांना ग्लॅडस्टन पार्कांत नेत आणि टेलिफोन नातवाच्या हातीं देत. त्याच्या पडद्यावर आजीनें चेस्टनटचीं नवीं पानें पाहिलीं, बदकाचीं पिल्लें मोजलीं, रेल्वेचा पूल पाहिला. गुडघ्यांमुळें जी लंडनला जाऊं शकली नाहीं, तिला नातवंडांनीं मराठींतून बाग फिरवून आणली. त्या दोन-अडीच महिन्यांत आमच्या घरांतली सर्वांत आनंदाची वेळ तीच होती.

आज नातू बारा वर्षांचा आहे. त्याचें मराठी शुद्ध आहे असें कोणताहि व्याकरणज्ञ म्हणणार नाहीं. "तो खार" म्हणतो. आजी "ती खार" म्हणून सुधारते. तो पुन्हां "तो" म्हणतो. परंतु बोलतो, आणि आजी आतां नुसती "हो का, हो का" म्हणत नाहीं.

जे वाचक परदेशीं नातवंडांकडे जावयाचे असतील त्यांस आमचें सांगणें थोडक्यांत असें. दहा स्थळें एकेकदां पाहण्यापेक्षां एक बाग शंभर वेळां पाहावी. मुलें दाखवितील तें आधीं पाहावें, आपलें मागाहून दाखवावें. "आपल्याकडे असें नसतें" हें वाक्य शक्य तों टाळावें. मुलांचें "आपल्याकडे" तेंच आहे, आणि त्या मातीवर त्यांनीं प्रेम करणें योग्यच आहे. शब्दांची परीक्षा घेऊं नये. आणि पेटींत लोणच्याची बरणी बसो न बसो, चालण्याचे चांगले जोडे अवश्य घ्यावेत.