घरचा कॅमेरा

सत्तरच्या दशकात आणि ऐंशीच्या सुरुवातीला जन्मलेल्या आम्हा लोकांच्या घरी कॅमेरा असलाच, तर तो बाबांचा असायचा. गोदरेजच्या कपाटात वरच्या कप्प्यात, विम्याच्या कागदांशेजारी, चामड्याच्या कव्हरात. कुणाकडे बडोद्याला तयार होणारा आगफा क्लिक थ्री, कुणाकडे आयसोली, कुणाच्या काकांनी आखातातून आणलेला याशिका. क्लिक थ्रीमध्ये १२० चा रोल बसायचा आणि त्यावर १२ चौकोनी फोटो निघायचे. पुढे छत्तीसचा रोल घरोघरी आला तेव्हा केवढी चैन वाटली होती! तरी तो गणपतीत घातला की दिवाळीपर्यंत पुरवायचा, आणि धुवायला टाकण्याआधी शेवटी उरलेले दोन-तीन फोटो तुळशीपाशी नाहीतर फाटकाजवळ उभं राहून संपवायचे, ही रीत सगळीकडे सारखीच.

त्या अल्बममध्ये बाबा जवळपास नाहीतच. त्यांची सावली मात्र आहे. सूर्य पाठीशी घेऊन फोटो काढायचा हा तेव्हाचा पक्का नियम. त्यामुळे संध्याकाळी बागेत काढलेल्या फोटोंत खालच्या बाजूला गवतावर एक लांब सावली पडलेली दिसते, दोन्ही कोपरं बाहेर आलेली. आमच्याच नव्हे, आमच्या वयाच्या कितीतरी जणांच्या अल्बममध्ये ती सावली मी पाहिली आहे. आई प्रत्येक फोटोत आहे, पदर सारखा केलेली, मुलांच्या खांद्यावर हात ठेवलेली. तिने काढलेला फोटो मात्र शोधून सापडत नाही. रोल, धुलाई आणि प्रिंट मिळून प्रत्येक खटक्याला पैसे पडत. फोटो फुकट गेला तर तो का गेला हे पंधरा दिवसांनी कळे, तेही कळलं तर. असल्या जोखमीची वस्तू घरात एकाच माणसाच्या हाती राहणार हे उघड होतं. ‘मी नाही बाई हात लावणार’ हे वाक्य आम्ही सगळ्यांनीच आपापल्या आयांच्या तोंडून ऐकलं आहे.

मधल्या काळातले छोटे डिजिटल कॅमेरे, पेन्सिल सेलवर चालणारे, पटकन येऊन पटकन गेले. त्यांच्याबद्दल मला फारशी ओढ नाही. बटण दाबल्यावर क्षणभर विचार करून ते फोटो काढायचे, आणि तेवढ्यात बाळ रांगत पुढे निघून गेलेलं असायचं. मग नोकरीत स्थिरावलेल्या मित्रांनी डीएसएलआर घेतले. तो कॅमेरा उत्तमच, पण त्याची बॅग खांद्याला लावून लग्नाला गेलं की घरचा माणूस असूनही पंगतीत सगळ्यात शेवटी बसायची वेळ येई. शिवाय तोही एकाच माणसाचा कॅमेरा. बाबांच्या जागी मुलगा आला, एवढाच फरक.

खरा बदल मिररलेसने झाला, आणि तोही महागड्या नव्हे, एंट्री लेव्हलच्या मिररलेसने. डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश तिरक्या आरशावर पडतो, तिथून वर वळून डोळ्यापर्यंत पोचतो. बटण दाबलं की आरसा उचलला जातो आणि मगच प्रकाश सेन्सरवर पडतो. हा आरसाच काढून टाकला तर सेन्सरला सतत दिसत राहतं, त्याला जे दिसतं तेच पडद्यावर येतं, आणि आरशासाठी राखलेली जागा वाचल्याने बॉडी पातळ होते. पॅनासॉनिकचा जी वन २००८ मध्ये आला, सोनीचे नेक्स थ्री आणि नेक्स फाइव्ह २०१० मध्ये, कॅननचा ईओएस एम २०१२ मध्ये. आमच्या ओळखीपाळखीत मात्र हे वारं शिरलं ते २०१४ मध्ये सोनीचा अल्फा ६००० आल्यावर. २४ मेगापिक्सल, सेकंदाला ११ फोटो. पण घरात पहिल्यांदा लक्षात आलं ते त्याचं वजन. बॅटरी आणि कार्डासकट ३४४ ग्रॅम, १६-५० ची किट लेन्स ११६ ग्रॅम. दोन्ही मिळून अर्धा किलोसुद्धा नाही. मुंबईत बोरा बाजारातल्या दुकानांतून हे कॅमेरे हातात घेऊन पाहिलेले, महिन्याच्या हप्त्यांचा हिशेब मांडलेले आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर झेंडूची फुलं वाहून ते घरात आणलेले आमच्या पिढीत पुष्कळ निघतील.

आमच्या आईने तो हातात घेतला तो हलका होता म्हणून. आणि हातात ठेवला तो पडद्यामुळे. अंगठ्याशी असलेलं चाक फिरवलं की फोटो काढायच्या आधीच पडद्यावरचं चित्र उजळताना किंवा काळवंडताना दिसायचं. एक्स्पोजर म्हणजे काय ते तिला कुणी शिकवलं नाही, शिकवायची गरजही पडली नाही. ‘उजेडाचं चाक’ म्हणून तिने ते ओळखलं आणि पांढऱ्या रांगोळीला किती फिरवायचं, काळ्या चंद्रकळेला किती, हे स्वतःच ठरवून टाकलं. फोटो फुकट जाण्याची भीती गेली, कारण जे निघणार ते समोर दिसतच होतं. इतकी वर्षं आईला अडवून ठेवणारी गोष्ट ही एवढीच होती. हे लिहिताना मला आजही थोडं वाईट वाटतं.

ती कमरेपाशी कॅमेरा धरून, पडदा वर तिरपा करून फोटो काढायची आणि मध्येच पडदा काळा पडायचा. कॅमेरा बिघडला की काय म्हणून सगळे जमले. कारण वेगळंच निघालं. व्ह्यूफाइंडरशेजारी एक बारीकसा सेन्सर असतो. डोळा जवळ आला असं वाटलं की तो मागचा पडदा बंद करून चित्र व्ह्यूफाइंडरमध्ये पाठवतो. आईचा पदर त्याच्यासमोर आला की त्याला तो डोळाच वाटायचा. मेन्यूत जाऊन ते आपोआप होणं बंद केलं. पण सवय अशी की नंतरही फोटो काढताना ती पदर खोचून घ्यायची, कामाला लागताना खोचतात तसा.

आणि फोटो कसले काढले तिने! बाबांच्या जुन्या अल्बममध्ये नैवेद्याचं पान समोरून दिसतं, देवाच्या बाजूने. आईच्या फोटोत ते वाढणाऱ्याच्या बाजूने दिसतं: डावीकडची कोशिंबीर आपल्या उजव्या हाताला, मुदीवर तुपाची धार पडताना, तूप वाढणाऱ्या मावशीच्या बांगड्या आणि चटका बसल्याचा जुना डाग असलेलं मनगट. अनारसे तळताना तुपातून वर येणारे बुडबुडे. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या, दारात काढून ठेवलेल्या चपलांची गर्दी. शेजारच्या काकू लुगड्याच्या ओच्यात हरभरे घेऊन सोलत बसलेल्या. घरातल्या कार्यातला अर्धा भाग स्वयंपाकघरात घडतो आणि त्याचा एकही फोटो आमच्या लहानपणीच्या अल्बममध्ये नाही, हे तिचे फोटो समोर आल्यावरच आमच्या ध्यानात आलं.

आरतीचं तर वेगळंच लिहायला हवं. जुन्या कॅमेऱ्यात आरतीच्या वेळी फ्लॅश लागायचाच. चेहरे पांढरेफटक, मागे भिंतीवर प्रत्येकाची काळी सावली, आणि निरांजनाची ज्योत नावापुरती. मिररलेसमध्ये आयएसओ ३२०० वर नेऊन फ्लॅश बंद ठेवला आणि पहिल्यांदाच आरती दिसते तशी फोटोत आली. खालून येणारा पिवळा उजेड आजीच्या हनुवटीवर, नथीच्या मोत्यावर एक ठिपका, टाळ वाजवणाऱ्या भाच्याचे हात किंचित हललेले. दाणे दिसतात फोटोत, रंगही थोडे मळतात. मला ते चालतं. पुढे ज्यांनी एफ/१.८ ची ‘फिफ्टी’ घेतली त्यांचे फोटो आणखी स्वच्छ आले, पण त्या छोट्या खोलीत फिफ्टी लावून मागे सरकायला जागा उरत नसे, हेही खरं.

जुन्या लेन्सांना याच कॅमेऱ्यांनी पुन्हा कामाला लावलं. बाबांकडे रशियन झेनिट होता, त्यावर ५८ एमएमची हेलिओस लेन्स. झेनिट कधीच थकला होता, लेन्स ठणठणीत होती. तिचे आटे ४२ मिलिमीटरचे, आणि फिल्मपासून ती साडेपंचेचाळीस मिलिमीटर लांब बसावी अशी तिची रचना. सोनीच्या मिररलेसमध्ये लेन्सचं बूड सेन्सरपासून अवघ्या १८ मिलिमीटरवर असतं, म्हणून मधल्या जागेत एक पितळी-ॲल्युमिनियमची रिंग बसवली की हिशेब जुळतो. डीएसएलआरमध्ये आरशामुळे एवढी मोकळी जागाच नसते. मेन्यूत खोलवर ‘लेन्स नसताना शटर चालू द्यावं’ असा पर्याय आहे, तो निवडावा लागतो, कारण कॅमेऱ्याच्या लेखी समोर लेन्सच नसते. फोकस हाताने. जे नेमकं फोकसमध्ये आहे त्याच्या कडांवर पडद्यावर लाल रेघा चमकतात. बाबांना तेव्हा चष्म्यातूनही बारीक दिसत नव्हतं, पण लाल रेघा दिसायच्या. पारिजातकाखाली बसवून त्यांनी आईचा फोटो काढला, लेन्सची रिंग जुन्या सवयीने दोन बोटांनी हळूहळू फिरवत. हेलिओसची ख्याती आहे तशी मागची पानं गोल फिरल्यासारखी आली आहेत. लेन्सही तीच आणि माणसंही तीच, पण तेव्हाच्या फोटोतली आई दाढेखाली गोळी धरल्यासारखी गप्प उभी असायची. या फोटोत ती बाबांना काहीतरी सांगते आहे.

पावसाळ्यात मात्र हाल. कोकणात आणि मुंबईत लेन्सला बुरशी धरते, काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि मग निघत नाही. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, निळे खडे गुलाबी झाले की कढईत परतून पुन्हा निळे करायचे: हे काम आमच्याकडे लोणच्याच्या बरण्यांवर नजर ठेवणाऱ्या व्यक्तीकडेच गेलं आणि तिने ते चोख केलं. बॅटरीचीही पंचाईत असायची. सेन्सर आणि पडदा सतत जागे, त्यामुळे मिररलेसच्या बॅटऱ्या डीएसएलआरच्या मानाने लवकर उतरतात. प्रमाणित चाचणीत अल्फा ६००० चे साधारण ३६० फोटो एका बॅटरीत निघतात. कासच्या पठारावर किंवा भिगवणला फ्लेमिंगो बघायला जाताना दुसरी बॅटरी खिशात ठेवायची आणि थंडीत ती अंगाजवळ ठेवायची, हे ज्याचं त्याने शिकून घेतलं.

फोटो वायफायवरून मोबाइलवर घेता येत. तेव्हाच्या ॲपमध्ये सेटिंग बदललं नाही तर ते दोन मेगापिक्सलचे होऊन येत, पुढे कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणखी बारीक होत. ग्रुपवर अंगठे आणि नमस्कार यायचे, संध्याकाळपर्यंत सगळं वर सरकून जायचं. चोवीस मेगापिक्सलचे मूळ फोटो हार्ड डिस्कवर पडून राहिले. त्यांचे प्रिंट काढून घेतलेली घरं थोडी, आणि ज्यांनी काढले त्यांच्याकडे पाहुणे अजून अल्बम मागतात. या एका बाबतीत छत्तीसचा रोल उजवा होता. त्यातला प्रत्येक फोटो कागदावर यायचाच.

मग मोबाइल आला, म्हणजे होताच, पण त्याचा कॅमेरा चांगला झाला. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांत २०१० साली जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे विक्रीला गेले होते. २०२० मध्ये ते ९० लाखांच्याही खाली आले. त्याच २०२० मध्ये मिररलेसने डीएसएलआरला मागे टाकलं. म्हणजे घराघरांतून कॅमेरा निघून जात होता तेव्हाच हा कॅमेरा डीएसएलआरच्या पुढे गेला. मोबाइलबद्दल माझी तक्रार नाही. मात्र तो ज्याचा त्याचा असतो, कुलूप लावलेला. मिररलेस हॉलमधल्या टीपॉयवर पडलेला असायचा, येता-जाता कुणीही उचलायचा. एकाच कार्डावर आईचे बुडबुडे, भाचीने जमिनीवर लोळून काढलेली मांजर आणि बाबांनी मधोमध उभं करून काढलेले पाहुणे ओळीने असायचे.

आता ते फोटो लावण्याचं काम आम्ही भावंडांनी काढलं आहे. फाइलमध्ये तारीख, वेळ, लेन्स, शटरचा वेग, आयएसओ सगळं आपोआप नोंदलेलं असतं. बटण कुणी दाबलं ते मात्र कुठेच नोंदलेलं नसतं. म्हणून दर रविवारी टीव्हीवर एकेक फोल्डर लावून सगळे बसतो. उंचीवरून भाची ओळखू येते, टेबलाच्या कडेबरोबर डोळे असतात तिच्या फोटोत. बाबांच्या फोटोत कुणाचे पाय कापलेले नसतात. आईचा कॅमेरा उजवीकडे जरासा कललेला असतो, आणि बाबा मोठ्याने हसताहेत असे जेवढे म्हणून फोटो आहेत ते नातवाने काढलेले आहेत. फोल्डरच्या नावात वर्ष आणि प्रसंग यांच्यापुढे काढणाऱ्याचं नाव घालतो आहोत. २०१६ च्या गणपतीपर्यंत आलो आहोत. त्यातल्या उकडीच्या मोदकांच्या फोटोंवर आई आणि मावशी दोघींचाही दावा आहे, आणि तो अजून मिटलेला नाही.